मनगटावरचे घड्याळ आणि रात्रीची झोप

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात खर्डा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण ऐकता ऐकता श्रोत्यांना झोप येते, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु झोपेवरच भाषण ठेवावे, असा प्रसंग क्वचित येतो. तो आज आला आहे, त्याचे कारण सांगतो. दहावीच्या वर्गातील काही मुलांच्या मनगटावर अलीकडे नव्या तऱ्हेचे घड्याळ दिसू लागले आहे. ते वेळ दाखवते, पावले मोजते, नाडीचे ठोके मोजते आणि रात्री हातावर ठेवून झोपल्यास सकाळी "तुम्ही किती झोपलात, त्यातली गाढ झोप किती" याचा हिशेब मोबाईलवर मांडते. वर शंभरपैकी गुणही देते. हे पाहून अनेक पालक मला विचारतात, "सर, पोरगा दहावीला आहे. झोप मोजणारे घड्याळ घेऊन द्यावे का? त्याचा अभ्यासाला उपयोग होईल का?"

प्रश्न साधा आहे, पण त्यात कष्टाचा पैसा आहे आणि मुलाचे वर्षही आहे. हजार-दोन हजारांपासून अनेक हजारांपर्यंत किंमत असलेली ही वस्तू आहे. म्हणून ती काय मोजते, काय मोजू शकत नाही आणि आपल्या घरात तिचे स्थान काय असावे, या तीन गोष्टींचा आज विचार करू.

आधी मुळाकडे जाऊ. आपल्याकडे विद्यार्थ्याच्या जागरणाला मोठा मान आहे. "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवा जळतो हो त्याच्या खोलीत" असे आई शेजारणीला अभिमानाने सांगते. कष्टाचा मान राखलाच पाहिजे. पण दिवा किती वेळ जळला हे अभ्यासाचे माप नव्हे. वाचलेले दुसऱ्या दिवशी किती आठवले, हे माप आहे. आणि येथे झोपेचा संबंध येतो.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबाख या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९२४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन विद्यार्थ्यांना दहा-दहा निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करायला दिल्या. कधी पाठांतरानंतर ते झोपत, कधी जागे राहून नेहमीची कामे करीत. मग एक, दोन, चार किंवा आठ तासांनी त्यांना विचारले जाई. आठ तास जागे राहिल्यावर दहापैकी जेमतेम एक अक्षरसमूह आठवे. तेवढेच तास झोप झाल्यावर मात्र निम्म्याच्या आसपास आठवत. पुढच्या शंभर वर्षांत या विषयावर पुष्कळ संशोधन झाले आणि आज इतके निश्चित समजले आहे की झोपेत मेंदू रिकामा पडून राहत नाही. दिवसभरात शिकलेले पक्के करण्याचे काम त्या वेळात चालते. तेव्हा अभ्यास करून झोप टाळणारा विद्यार्थी पेरणी करून पाणी तोडणाऱ्या शेतकऱ्यासारखा आहे.

येथे कोणी इब्न सीनाचे उदाहरण देईल. वैद्यकाचा तो थोर आचार्य आपल्या आत्मवृत्तात सांगतो की, विद्याभ्यासाच्या दीड वर्षात तो एकही रात्र पुरती झोपला नाही. गोष्ट खरी आहे. पण तोच पुढे सांगतो की, डोळा लागला की तेच प्रश्न त्याला स्वप्नात दिसत आणि त्यांतील अनेकांचा उलगडा झोपेतच होई. आणि आपल्या 'अल-कानून' या वैद्यकग्रंथात त्याने झोप आणि जागृती यांना हवा, आहार, व्यायाम यांच्या बरोबरीने आरोग्य ठरवणाऱ्या गोष्टींत स्थान दिले आहे. तेव्हा त्याचे नाव जागरणाच्या बाजूने घेताना त्याचे हे म्हणणेही घ्यावे.

मग किती झोप हवी? अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या तज्ज्ञांनी २०१६ साली जे प्रमाण सांगितले ते असे : सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना आठ ते दहा तास. प्रौढांना किमान सात तास हवेत. म्हणजे सकाळी सहाला उठणाऱ्या दहावीच्या मुलाचा डोळा रात्री दहाला लागला पाहिजे. आता प्रत्येकाने मनाशी हिशेब करावा. त्यातही एक अडचण निसर्गाची आहे. वयात येताना शरीराचे आतले घड्याळच पुढे सरकते. या वयातील मुलांना रात्री उशिरा झोप येते आणि सकाळी लवकर जाग येत नाही. त्याला सरसकट आळस म्हणणे अन्यायाचे होईल. पण हातात मोबाईल देऊन तो उशीर आणखी वाढवणे, हे मात्र आपल्या हातचे आहे.

अपुऱ्या झोपेने विचार कसा डळमळतो, याचे उदाहरण आपल्या गावाच्या इतिहासातही आहे. ११ मार्च १७९५ रोजी या परिसरात मराठे आणि निजामअली यांच्या फौजांची लढाई झाली. त्या रात्रीची हकीकत इतिहासकार ग्रँट डफ याने दिली आहे. दिवसाची लढाई थांबली होती. निजामाकडील फ्रेंच सरदार रेमंड याच्या पलटणी भरलेल्या बंदुका जवळ घेऊन तशाच आडव्या झाल्या होत्या. मराठ्यांचे एक लहान पथक घोड्यांसाठी पाणी शोधत एका ओढ्यापाशी आले. तेथे मोगलांची तुकडी होती, तिने गोळी झाडली. जवळच्या पहारेकऱ्यांनीही झाडली आणि झोपेतून दचकून उठलेल्या सबंध रांगेने अंधारात बार काढले. एकच घबराट उडाली आणि निजामअलीने रातोरात खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला. या पराभवाची कारणे अनेक होती, साऱ्याचे खापर झोपेवर फोडणे बरोबर होणार नाही. पण थकलेला आणि अर्धवट झोपेतून उठलेला माणूस आधी कृती करतो आणि मग विचार करतो, एवढे त्यावरून नक्की दिसते. परीक्षेच्या सकाळी प्रश्न पुरता न वाचता उत्तर लिहायला बसणारा विद्यार्थी असाच असतो.

आता घड्याळाकडे वळू. झोप मोजण्याचे शास्त्र मेंदूपासून सुरू झाले. जर्मनीतील डॉ. हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विजेच्या सूक्ष्म लहरींचे आलेख १९२९ साली प्रसिद्ध केले. १९५३ साली शिकागोच्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवले की झोपेच्या काही भागात बंद पापण्यांखाली डोळे भरभर हलतात. स्पष्ट स्वप्ने बहुधा त्याच भागात पडतात. पुढे असे समजले की हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप यांचे सुमारे नव्वद मिनिटांचे फेरे रात्री चार ते सहा वेळा होतात. गाढ झोप पूर्वरात्री जास्त असते आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे. हे सारे नीट तपासायचे तर रुग्णालयातील निद्राकक्षात झोपावे लागते. तेथे डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, छातीला तारा लावतात आणि श्वास व रक्तातील प्राणवायूही मोजतात. खरी कसोटी ती आहे.

मनगटावरच्या घड्याळाजवळ मेंदूपर्यंत पोहोचणारी एकही तार नाही. त्याच्याजवळ मुख्यतः दोन साधने आहेत. एक, हाताची हालचाल टिपणारा बारीक भाग. झोपेच्या संशोधनासाठी मनगटाच्या हालचालींचा उपयोग १९७० च्या दशकापासून होत आला आहे. दुसरे साधन म्हणजे घड्याळाच्या पाठीला चमकणारा हिरवा दिवा. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याला मनगटातील रक्त वाढते आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. त्यावरून नाडी मोजली जाते. हात स्थिर आहे, नाडी संथ झाली आहे, तेव्हा माणूस झोपला असावा, असा तर्क घड्याळ करते. नाडीच्या बारीक चढउतारांवरून ते हलक्या आणि गाढ झोपेचाही अंदाज बांधते. घरातले माणूस झोपले आहे की नाही हे आपण दारातून पाहून ओळखतो ना, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की घड्याळ रात्रभर दारात उभे असते.

त्यामुळे त्याचे बरोबर काय आणि चूक काय, हे ओळखणे सोपे जाते. किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, एकूण तास साधारण किती झाले, हे ते बऱ्यापैकी सांगते. पण अंथरुणात न हलता छताकडे पाहत पडलेल्या माणसाला ते पुष्कळदा झोपलेला समजते आणि झोपेचे तास वाढवून दाखवते. पट्टा सैल असेल तरी मोजमाप बिघडते. गाढ झोप एक तास बारा मिनिटे आणि स्वप्नांची झोप एक तास चाळीस मिनिटे, असे जे मिनिटांपर्यंतचे आकडे येतात ते अंदाजाचे आहेत. एकाच रात्री दोन कंपन्यांची घड्याळे दोन हातांना बांधली, तर हे आकडे जुळतीलच असे नाही. शंभरपैकी गुण कसे द्यायचे, तेही प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते. त्या गुणांना बोर्डाची मान्यता नाही!

येथेच खरा धोका आहे आणि पालकांनी तो समजून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. चाचणी परीक्षेच्या दिवशी दहावीतला एक मुलगा उतरलेल्या चेहऱ्याने वर्गात आला. विचारले तर म्हणाला, "सर, आज माझे अठ्ठावन्नच आले. आज पेपर काही जमणार नाही." मी विचारले, "उठलास तेव्हा कसे वाटत होते?" तो म्हणाला, "उठलो तेव्हा बरे वाटत होते. मोबाईल पाहिला आणि मग वाटू लागले."

हे त्या एका मुलाचेच दुखणे नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो कॉलेजात २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याच गोष्टीचा होता. विद्यार्थ्यांना यंत्र लावल्यासारखे करून सांगण्यात आले की यावरून तुमची रात्रीची झोप कळते. काहींना झोप उत्तम झाल्याचे सांगितले, काहींना ती कमी प्रतीची झाल्याचे. हे आकडे खोटे होते. परंतु ज्यांना झोप वाईट झाल्याचे सांगितले, त्यांचे लक्ष देण्याच्या आणि विचार करण्याच्या चाचण्यांतील काम खरोखरच खालावले. २०१७ साली अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांनी याच प्रकारच्या चिंतेला 'ऑर्थोसोम्निया' असे नाव सुचवले. घड्याळातील आकडा सुधारण्याच्या काळजीने झोप उडालेले लोक त्यांच्याकडे येऊ लागले होते. जी वस्तू झोपेसाठी आणली तिनेच झोप घालवली, तर तो व्यवहार आतबट्ट्याचा झाला.

मग घड्याळ निरुपयोगी आहे का? असे माझे म्हणणे नाही. ज्या घरात आधीच आहे तेथे त्याचा एक चांगला उपयोग होऊ शकतो. पंधरा दिवस ते हातावर ठेवावे आणि फक्त दोन गोष्टी पाहाव्यात : झोपण्याची वेळ आणि उठण्याची वेळ. गाढ झोप आणि गुण यांच्याकडे पाहू नये. सकाळी उठल्याबरोबर तर मुळीच पाहू नये, आठवड्यातून एकदा रविवारी पाहावे. "मी अकराला झोपतो" असे म्हणणारा मुलगा प्रत्यक्षात पाऊण वाजता झोपतो, हे त्या हिशेबात दिसून येईल. रविवारी दहापर्यंत झोपून सोमवारी सहाला उठताना त्रास का होतो, तेही दिसेल. पंधरा दिवसांत रीत समजली की रात्री घड्याळ कपाटात ठेवावे.

आणि ज्यांच्या घरात ते नाही, त्यांनी यासाठी मुद्दाम विकत घेण्याची गरज नाही. हेच काम दोनशे पानी वहीच्या शेवटच्या पानावर होते. तीन रकाने आखा : रात्री दिवा मालवल्याची वेळ, सकाळी उठल्याची वेळ आणि दुपारी वर्गात डुलकी आली की नाही. तिसरा रकाना कोणत्याही घड्याळात नाही आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. जो विद्यार्थी दिवसभर ताजातवाना आहे, त्याची झोप पुरेशी आहे.

परंतु मोजणे ही फक्त सुरुवात आहे. झोप मिळणे हे सबंध घरावर अवलंबून असते. मुलाला "दहाला झोप" म्हणायचे आणि त्याच खोलीत अकरापर्यंत मालिका लावायची, हे जमणार नाही. आपली घरे लहान आहेत. एका खोलीत चार-पाच माणसे झोपतात. म्हणूनच दिवा मालवण्याची वेळ एकट्या मुलाची नसते, ती घराची असते. घरातले सर्व मोबाईल, अब्बांचासुद्धा, रात्री एका ठिकाणी चार्जिंगला लावावेत. ते ठिकाण अंथरुणापासून दूर असावे. संध्याकाळनंतर अभ्यासासाठी म्हणून चहावर चहा देऊ नये. चहातील उत्तेजक द्रव्याचा निम्मा भाग शरीरातून जाण्यास सुमारे पाच तास लागतात. रात्री नऊचा चहा दोन वाजेपर्यंत आपले काम करीत राहतो.

घराबाहेरच्याही काही गोष्टी आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर निर्बंध घालणारे नियम देशात २००० सालापासून आहेत. लग्नाची वरात असो, जयंती असो की उरूस, शेजारच्या घरात दहावीचे मूल आहे याची आठवण आपण सर्वांनीच ठेवली पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रात्रभर चाललेल्या एका चौकशीच्या प्रकरणात झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचे सांगितले. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नसल्याचे सांगून शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार करावा, असे सुचवले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला. शाळा उशिरा भरवून मुलांना तासभर झोप मिळवून देता येते. पण तो तास मोबाईलने घेतला तर शासन काय करणार? आणि मोठ्या वर्गांना तो निर्णय लागूही नाही. त्यांची जबाबदारी घरावरच आहे.

पालकांच्या झोपेबद्दलही बोलले पाहिजे. जेथे शेतीपंपाला रात्रपाळीने वीज येते, तेथे बाप मध्यरात्री पाणी द्यायला जातो. आपल्या भागातून जे ऊसतोडीला जातात त्यांच्या रात्रीचे तर विचारूच नका. अशा माणसाला "सात तास झोपा" असा उपदेश करणे सोपे आहे. मी एवढेच म्हणेन की, रात्रपाळी झालेल्या माणसाला दिवसा निवांत झोपू द्यावे आणि अशा रात्रीनंतर त्याने मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर हाती घेऊ नये. पेंगलेल्या चालकाला क्षणभरही पुरत नाही.

घोरण्याविषयी दोन शब्द. "किती गाढ झोपलाय बघा" असे आपण घोरणाऱ्याबद्दल म्हणतो. पण जोरात घोरणे, मध्येच श्वास थांबणे, गुदमरल्यासारखे होऊन जाग येणे आणि दिवसभर पेंगणे, ही झोपेतील श्वासरोधाची लक्षणे असू शकतात. त्याने रक्तदाब वाढतो. लहान मुलांत वाढलेल्या टॉन्सिल्समुळेही असे होते. ते मूल वर्गात चिडचिडे आणि दुर्लक्षी दिसते, आणि आपण त्याला रागावतो. २०२४ पासून काही महागड्या घड्याळांना या विकाराची शंका दर्शवण्याची परवानगी अमेरिकेत मिळाली आहे. पण शंका म्हणजे निदान नव्हे. घड्याळाने "सर्व ठीक" म्हटले तरी ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडेच जावे. पहिली दखल घड्याळापेक्षा घरचे माणूसच चांगली घेते.

आणखी एक सावधगिरी. आपण कधी झोपतो, कधी उठतो, नाडी कशी चालते, ही माहिती घड्याळातून मोबाईलमध्ये आणि तेथून बहुधा कंपनीच्या संगणकावर जाते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. तेव्हा "मान्य आहे" या शब्दांवर मुलाने परस्पर बोट ठेवण्याआधी पालकांनी ते वाचून घ्यावे. इंग्रजी समजत नसेल तर शिक्षकांना विचारावे. त्यात कमीपणा नाही.

रमजानबद्दलही मुले विचारतात. २०२५ साली दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च अशी झाली आणि २ मार्चला रमजान सुरू झाला. सहरीसाठी पहाटे उठावे लागते, त्यामुळे झोपेचे दोन तुकडे पडतात. पुष्कळ घड्याळे मोठा तुकडा झोप म्हणून धरतात आणि लहान डुलकी सोडून देतात. मग आकडा पाहून मुले घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. तरावीहनंतर बाजारात रेंगाळू नये, लगेच झोपावे. सहरीनंतर किंवा दुपारी थोडी विश्रांती घ्यावी. चोवीस तासांची बेरीज पाहावी. आणि घरच्यांनी परीक्षार्थी मुलीला सहरीच्या स्वयंपाकासाठी सर्वांच्या आधी उठवू नये. तिचाही पेपर असतो, हे मी मुद्दाम सांगतो.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेच्या आदल्या रात्री काय करावे, असे तुम्ही विचाराल. नवीन काही वाचू नका. दप्तर भरा, हॉलतिकीट वर ठेवा आणि वेळेवर आडवे व्हा. त्या रात्री झोप थोडी कमी लागली तरी भिऊ नका. महिनाभर नियमाने झोपलेल्या मुलाचे एका रात्रीने मोठे नुकसान होत नाही. त्या रात्री घड्याळ हातावर ठेवू नका. सकाळी आपली तब्येत कशी आहे, हे आपल्या शरीराला विचारा.

पालकांनो, घड्याळ घ्यावे का, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर आता स्पष्ट आहे. असेल तर पंधरा दिवस वापरा, नसेल तर त्या पैशात मुलाला चांगली पुस्तके आणि टेबलावरचा दिवा घेऊन द्या, आणि तो दिवा दहाला मालवण्याची जबाबदारी तुम्ही घ्या. आज रात्रीपासून वहीचे शेवटचे पान सुरू करावे आणि पुढच्या पालकसभेला येताना ते बरोबर आणावे. आपण ते एकत्र बसून पाहू.